शेजाऱ्याच्या ट्रकवरचा झेंडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चाकणहून बदली होऊन तुम्ही साउथ कॅरोलायनात, ग्रीनव्हिलजवळ राहायला आलात. शेजारचे गोरे काका मनानं मोकळे आहेत. सामान लावायला त्यांनी मदत केली, वादळात वीज गेली तेव्हा स्वतःचा जनरेटर आणून दिला. त्यांच्या पिकअप ट्रकच्या मागच्या काचेवर मात्र लाल पार्श्वभूमीवर निळी फुली आणि तिच्यात पांढऱ्या चांदण्या असलेला झेंडा आहे. तुमच्या कृष्णवर्णीय सहकारी बाईंनी तो पाहिला, त्या गप्प झाल्या आणि पुन्हा घरी आल्या नाहीत. काका म्हणतात, हा आमच्या पूर्वजांचा मान आहे, यात कुणाचा द्वेष नाही. तुम्हाला विचारायचंय की एकाच झेंड्यात दोघांना इतकं वेगळं कसं दिसतं, बरोबर कोण, आणि आठवीतल्या मुलीला काय सांगायचं.

मी या राज्यातल्या हायस्कूलमध्ये बरीच वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवते आहे. माझ्या वर्गात या दोन्ही घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. त्यामुळे उत्तर आधी देते आणि कारणं मागाहून सांगते. काका खोटं बोलत नाहीत, तुमच्या सहकारी बाईही उगीच घाबरलेल्या नाहीत. पण दोघांचे अनुभव खरे आहेत म्हणून झेंड्याविषयीचे दोघांचे निष्कर्षही सारखेच खरे, असं मी म्हणणार नाही. या झेंड्याचा इतिहास कागदोपत्री नोंदलेला आहे आणि तो बाईंच्या बाजूनं उभा राहतो.

वर्गात मी या झेंड्याचा अर्थ काय, असं कधी विचारत नाही. तसं विचारलं की पाच मिनिटांत भांडण लागतं आणि प्रत्येक जण घरून ऐकलेलं वाक्य म्हणतो. मी विचारते, तुमच्या घरच्या मोठ्या माणसांनी हा झेंडा पहिल्यांदा कुठे पाहिला, ते घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी गोरी मुलं सांगतात की पणजोबांच्या कबरीवर, आजोबांच्या गॅरेजच्या भिंतीवर, फुटबॉलच्या सामन्यात, मोटारशर्यतीच्या मैदानाबाहेर तंबूवर. कृष्णवर्णीय मुलांच्या घरची उत्तरं वेगळी असतात. आजी गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली तेव्हा दारात उभ्या असलेल्या जमावाच्या हातात. मोर्चाच्या समोरच्या फूटपाथवर. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेच्या मिरवणुकीत. एकदा एका मुलीनं आजीचा सल्ला लिहून आणला होता. ज्या पंपावर हा झेंडा दिसेल तिथे पेट्रोल भरायला थांबायचं नाही, टाकीत कितीही कमी असलं तरी. एकाच गावातली, एकाच वयाची माणसं, पण झेंडा भेटला तेव्हा एक घर त्याच्या मागे उभं होतं आणि दुसरं त्याच्या समोर. मतभेदाचं मूळ मला इथे दिसतं. याला मी चव किंवा भावना म्हणत नाही, हा अनुभवातला फरक आहे.

आता झेंड्याकडे येऊ. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ११ राज्यांनी १८६०-६१ मध्ये देशातून फुटून ‘कॉन्फेडरेट स्टेट्स’ नावाचं वेगळं राष्ट्र उभारलं आणि त्यातून उत्तरेशी यादवी युद्ध पेटलं. २० डिसेंबर १८६० रोजी सर्वांत आधी बाहेर पडलं ते हे आपलं साउथ कॅरोलायना. काकांच्या ट्रकवरचा झेंडा त्या राष्ट्राचा राष्ट्रध्वज कधीच नव्हता. त्यांचा पहिला राष्ट्रध्वज अमेरिकेच्या ध्वजासारखाच दिसायचा, इतका की १८६१ च्या जुलैत मनासासच्या लढाईत धुरळ्यात आपले कोण, परके कोण, हे कळेना. म्हणून जनरल बोरेगार्ड यांनी याच राज्याचे एक पुढारी विल्यम पोर्चर माइल्स यांचं डिझाइन सैन्यासाठी उचललं. तो चौकोनी लढाईचा झेंडा जनरल ली यांच्या सैन्यानं व्हर्जिनियात मिरवला. आज दिसतो तसा लांबट आकार दुसऱ्या एका सैन्यात आणि नौदलात वापरला जाई. चांदण्या १३ आहेत, कारण बाहेर न पडलेल्या केंटकी आणि मिसुरी या दोन राज्यांवरही त्यांनी हक्क सांगितला होता.

काका इथेच म्हणतील, बघा, हा सैनिकांचा झेंडा आहे, सरकारचा नाही, आणि बिचारा सैनिक गुलाम बाळगणारा जमीनदार नव्हता. यात तथ्य आहे. बहुतेक सैनिक लहान शेतकरी होते, अडीच लाखांहून जास्त माणसं गेली, आणि कित्येक घरांत फोटोही नाही, फक्त कबरीवरचं नाव आहे. त्या दुःखाला मी वर्गात कधी हलकं लेखत नाही. पण १८६३ मध्ये हाच लढाईचा झेंडा पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्यात बसवून त्यांनी दुसरा राष्ट्रध्वज केला, तेव्हा जॉर्जियातल्या सव्हाना शहरातल्या विल्यम टॅपन थॉम्प्सन या संपादकानं त्याचं समर्थन करताना स्पष्ट लिहिलं होतं की आपण गोऱ्यांच्या ईश्वरदत्त श्रेष्ठत्वासाठी लढतो आहोत, म्हणून पांढरा रंगच शोभतो. म्हणजे युद्ध चालू असतानाच या झेंड्याला वंशाचा अर्थ उघडपणे दिला गेला होता. तो कुणी नंतर चिकटवलेला नाही.

युद्धाचं कारण काय, यावर इथे अजून वाद घालणारे भेटतात. ‘राज्यांचे हक्क’ हे शब्द तुम्ही ऐकाल. तेव्हा साउथ कॅरोलायनानं बाहेर पडताना काढलेला जाहीरनामा वाचा, छोटासाच आहे. त्यात मुख्य तक्रार अशी की उत्तरेकडची राज्यं आपले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी आपला हक्क वापरला, याचाच राग. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात तर सुरुवातीलाच लिहिलं आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. कॉन्फेडरेटचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हानात भाषण केलं. आमच्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था, हे सत्य आहे, असं ते त्यात म्हणाले. मुलांना मी माझं मत सांगत नाही, हे तीन कागद देते.

आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं त्यांनी हा झेंडा त्याच वेळी कसा पाहिला, हे आमच्या पुस्तकांत फार उशिरा आलं. १८६० च्या जनगणनेत देशात सुमारे ४० लाख गुलाम होते. या राज्यात शंभरातली ५७ माणसं गुलाम होती. त्यांतले एक रॉबर्ट स्मॉल्स, चार्ल्सटनच्या बंदरात कॉन्फेडरेट सैन्याच्या ‘प्लँटर’ नावाच्या बोटीवर काम करायचे. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना त्यांनी बोट सोडली, वाटेत आपली माणसं चढवून घेतली, कप्तानासारखी टोपी घातली, आणि कॉन्फेडरेट झेंडा तसाच फडकत ठेवून एकेका किल्ल्यासमोरून बरोबर शिट्ट्यांचा इशारा देत बोट बाहेर काढली. तोफांचा टप्पा ओलांडल्यावर झेंडा उतरवला आणि चादरीचं पांढरं निशाण लावून ते उत्तरेच्या नौदलाकडे गेले. पुढे ते अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले. तो झेंडा लढाईचा लाल झेंडा नव्हता, त्यांचा पहिला राष्ट्रध्वज होता. पण ज्या माणसाला हे निशाण उतरेपर्यंत जीव मुठीत धरून बोट चालवावी लागली, तोही साउथ कॅरोलायनाचाच होता. दक्षिणेचा वारसा मोजताना त्याला बाहेर का ठेवायचं, हा प्रश्न मी काकांना जरूर विचारीन.

तुम्ही महाराष्ट्रातले आहात म्हणून एक सांगते, कारण आपल्याकडच्या पुष्कळांना वाटतं की हे त्यांचं भांडण, आपल्याला काय त्याचं. ते युद्ध चाललं तेव्हा अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, भारतातल्या कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. ज्या युद्धात हा झेंडा हरला त्याचा अर्थ पुण्यातल्या माणसाला आठ वर्षांत नीट कळला होता. इथल्या शाळांत तो शिकवायला पुढे शंभर वर्षं लागली.

का लागली? काकांच्या प्रामाणिकपणाचं स्पष्टीकरण इथे सापडतं. युद्धानंतर काही वर्षं या राज्यात कृष्णवर्णीयांना मत होतं, विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात तर त्यांचंच बहुमत होतं. मग हिंसेनं आणि शेवटी १८९५ च्या राज्यघटनेनं ते मत काढून घेतलं गेलं. त्याच सुमारास, १८९४ मध्ये, ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही बायकांची संघटना उभी राहिली. त्यांनी कबरी जपल्या, पुतळे उभारले, आणि शाळेच्या पुस्तकांवर लक्ष ठेवलं. युद्ध गुलामगिरीसाठी झालं असं म्हणणारं पुस्तक नाकारा, अशी उघड मोहीम होती. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलं गेलं की मालक दयाळू होते, गुलाम समाधानी होते, आणि आपले शूर पणजोबा केवळ संख्येनं कमी पडले म्हणून हरले. काकांच्या वयाच्या गोऱ्या माणसानं शाळेत हेच वाचलं असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्यांना जे सांगितलं गेलं ते ते प्रामाणिकपणे सांगतात. शिक्षक म्हणून मला याचं फार वाईट वाटतं, कारण फसवणूक मुलांची झाली आणि ती वर्गातच झाली.

तरीही त्या काळात हा झेंडा मुख्यतः स्मशानात, माजी सैनिकांच्या मेळाव्यात दिसायचा. तो रस्त्यावर आला १९४८ मध्ये. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नागरी हक्कांची बाजू घेतली म्हणून दक्षिणेतले डेमोक्रॅट फुटले, आणि साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड त्यांच्या वेगळ्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्यांच्या सभांतून हे झेंडे फडकले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांतलं वर्णविभाजन बेकायदा ठरवलं. दोन वर्षांनी जॉर्जियानं हा झेंडा आपल्या राज्यध्वजात घेतला. अलाबामात १९६३ मध्ये गव्हर्नर वॉलेस यांनी तो राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीवर चढवला, त्याच सुमारास केंद्रीय कायदामंत्री रॉबर्ट केनेडी वर्णविभाजनाबद्दल बोलायला आले होते.

आणि आपलं राज्य? राजधानी कोलंबियातल्या स्टेट हाउसच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, घुमटावर तो १९६१ च्या एप्रिलमध्ये चढला, युद्धाच्या शताब्दीचं निमित्त सांगून. त्याच्या आदल्याच महिन्यात, २ मार्चला, कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याच स्टेट हाउसच्या आवारात शांतपणे मोर्चा घेऊन आले होते आणि १८७ जणांना अटक झाली होती. त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये रद्द केली. १९६२ मध्ये विधिमंडळानं ठराव करून झेंडा कायम केला, उतरवायची तारीख घातलीच नाही. शताब्दी १९६५ मध्ये संपली, झेंडा मात्र घुमटावर २००० सालापर्यंत राहिला. तो चढवणाऱ्या सभागृहात एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. विसाव्या शतकातले पहिले तीन १९७० मध्ये निवडून आले. कुणी मला म्हणालं की तो वारशासाठी लावला, तर मी विचारते, मग १८६५ पासून १९६१ पर्यंत घुमटावर वारसा का नव्हता?

आकडेही पाहा. चार्ल्सटनमधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या हत्याकांडानंतर (त्याबद्दल पुढे सांगते) लगेच, जून २०१५ च्या अखेरीस, सीएनएनच्या पाहणीत ५७ टक्के अमेरिकनांना हा झेंडा दक्षिणेच्या अभिमानाचं चिन्ह वाटला आणि ३३ टक्क्यांना वंशद्वेषाचं. वंशानुसार पाहिलं तर गोऱ्यांतल्या ६६ टक्क्यांना अभिमान दिसला, कृष्णवर्णीयांतल्या ७२ टक्क्यांना वंशद्वेष. फक्त दक्षिणेतले लोक घेतले तर दरी अजून रुंद होते, तीन चतुर्थांश गोरे एका बाजूला, तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय दुसऱ्या बाजूला. पण गोऱ्यांच्या आतही फरक होता. पदवीधर गोऱ्यांत मतं बरीच विभागलेली होती, पदवी नसलेल्यांत अभिमानाकडे मोठा कल होता. आणि २०२० च्या जुलैमध्ये क्विनिपिॲक विद्यापीठाच्या पाहणीत ५६ टक्के मतदारांनी वंशद्वेष म्हटलं, ३५ टक्क्यांनी अभिमान. पाहण्या वेगळ्या, प्रश्नांची शब्दरचनाही वेगळी, म्हणून थेट वजाबाकी करू नका. पण वारं कुठल्या दिशेनं वळलं ते दिसतं.

दुसरं टोकही सांगते, नाहीतर चित्र फार सोपं होईल. प्यू या संस्थेनं २०११ मध्ये विचारलं की हा झेंडा दिसला तर तुमची प्रतिक्रिया काय होते. तेव्हा ४१ टक्के कृष्णवर्णीय नकारात्मक म्हणाले, पण जवळपास तितकेच म्हणाले की विशेष काहीच वाटत नाही. हे ‘काहीच वाटत नाही’ मी वर्गात पाहिलं आहे आणि ते निरनिराळ्या प्रकारचं असतं. कुणाला खरोखरच काही वाटत नाही. कुणी रोज पाहून पाहून मन घट्ट केलेलं असतं. नॉर्थ कॅरोलायनात एच. के. एजर्टन नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ आहेत, एके काळी ॲशव्हिलमध्ये एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या शाखेचे अध्यक्ष होते, आणि ते हाच झेंडा खांद्यावर घेऊन कॉन्फेडरेटची बाजू मांडत फिरले आहेत. त्यांचं उदाहरण काका तुम्हाला नक्की देतील. हजारो कृष्णवर्णीय सैनिक या झेंड्याखाली स्वेच्छेनं लढले, असंही ऐकाल. ते खरं नाही. स्वयंपाक, खंदक, मालवाहतूक या कामांना गुलामांना नेलं जाई. त्यांना सैनिक म्हणून भरती करायला कॉन्फेडरेट संसदेनं परवानगी दिली ती मार्च १८६५ मध्ये, पराभवाच्या काही आठवडे आधी. त्याआधी जनरल हॉवेल कॉब यांनी विरोध करताना लिहिलं होतं की गुलाम जर चांगले सैनिक ठरले तर गुलामीचा आपला सगळा सिद्धान्तच चुकीचा ठरेल. उलट बाजूला, उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय होते.

गोऱ्यांतही सगळे काकांसारखे नाहीत. साउथ कॅरोलायना सोडलं तर प्रत्येक कॉन्फेडरेट राज्यातून उत्तरेच्या बाजूनं लढणाऱ्या गोऱ्यांच्या तुकड्या निघाल्या होत्या. त्यांचे वंशजही दक्षिणीच आहेत. आणि तिकडे ओहायोत, पेनसिल्व्हेनियात, जिथल्या पणजोबांनी या झेंड्याविरुद्ध रक्त सांडलं, तिथेही आज तो घरांवर दिसतो. तिथे पूर्वजांचा मान हे कारण कसं लागू होणार, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. ग्रामीणपणा, बंडखोरी, शहरी लोकांबद्दलचा राग, असं बरंच काही तो आता सांगतो. टीव्हीवर १९७९ पासून गाजलेल्या एका मालिकेत नारिंगी मोटारीच्या टपावर हा झेंडा होता, आणि एका पिढीला तो केवळ त्या मोटारीमुळे ठाऊक आहे.

मूळ अमेरिकन लोकांची गोष्ट तर कुठल्याच खणात बसत नाही. चेरोकी लोकांतले काही श्रीमंत स्वतः गुलाम बाळगत. त्यांचे स्टँड वेटी कॉन्फेडरेट सैन्यात ब्रिगेडियर जनरल होते आणि शरण जाणारे शेवटचे सेनानी तेच, २३ जून १८६५. ओक्लाहोमात टालेक्वा इथे चेरोकी राष्ट्राच्या चौकात त्यांचं स्मारक उभं होतं. जून २०२० मध्ये चेरोकी राष्ट्रानं स्वतःहून ते हलवलं. म्हणजे दुसऱ्याच्या हातून भरडल्या गेलेल्या समाजालाही आपल्या घरातल्या या भागाकडे पाहावं लागलं.

आणि आपण भारतीय? निक्की हेली याच राज्यात, बॅम्बर्गमध्ये, अमृतसरहून आलेल्या शीख कुटुंबात जन्मल्या. लहानपणी त्या आणि त्यांची बहीण गावातल्या सौंदर्यस्पर्धेत उतरल्या तेव्हा परीक्षकांनी दोघींना बाद केलं, कारण स्पर्धेत एक गोरी राणी निवडली जायची आणि एक काळी, आणि या दोघी कशातच बसत नव्हत्या, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. आपली जागा साधारण तीच आहे. झेंडा आपल्यासाठी नव्हता आणि आपल्याविरुद्धही नव्हता, म्हणून दुर्लक्ष करायची सोय आपल्याला फार सहज मिळते. हेलीबाई गव्हर्नर झाल्यावर सुरुवातीला त्यांनीही हा विषय टाळला. १७ जून २०१५ च्या रात्री चार्ल्सटनच्या मदर इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका तरुण गोऱ्यानं गोळ्या घातल्या. त्यानं या झेंड्यासह फोटो काढले होते, आणि एका फोटोतल्या जाकिटावर वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा आणि गोऱ्यांच्या राजवटीखालच्या ऱ्होडेशियाचा झेंडा होता. त्याला अर्थ नेमका कळलेला होता.

मृतांत त्या चर्चचे पाद्री आणि राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी होते. स्टेट हाउसवरचे बाकीचे ध्वज अर्ध्यावर आले, पण आवारातला हा झेंडा पूर्ण उंचीवर राहिला, कारण २००० च्या तडजोडीत घुमटावरून सैनिक स्मारकाजवळ आणताना त्यात बदल करायचा अधिकार फक्त विधिमंडळाकडे ठेवला होता. पिंकनींची शवपेटी घोडागाडीतून त्याच्यासमोरून नेली गेली. आत पेटी ठेवली तिथल्या खिडकीवर काळं कापड लावलं होतं, झेंडा दिसू नये म्हणून. २७ जूनला ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय तरुणी खांबावर चढली आणि तिनं तो काढला, खाली तिला आधार द्यायला एक गोरा कार्यकर्ता उभा होता. तासाभरात झेंडा परत लावला गेला. हेलीबाईंनी २२ जूनलाच तो उतरवायची मागणी केली होती. सिनेटमध्ये स्ट्रॉम थर्मंड यांचे चिरंजीव पॉल थर्मंड झेंडा उतरवण्याच्या बाजूनं बोलले. १० जुलैला तो कायमचा उतरला. पुढे २०१९ मध्ये हेलीबाईच म्हणाल्या की खुन्यानं हा झेंडा पळवला, त्याआधी इथल्या लोकांना तो सेवा, त्याग आणि वारसा वाटायचा. इथले लोक म्हणजे कोण, हा प्रश्न मला ते वाक्य ऐकल्यावर पडला. राज्यातले एक चतुर्थांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्या एनएएसीपी या संघटनेनं याच झेंड्यामुळे २००० च्या सुरुवातीपासून राज्यावर आर्थिक बहिष्कार टाकला होता, आणि मार्टिन ल्यूथर किंग दिनाला हजारो माणसं कोलंबियात उतरली होती. त्यांना तो कधीच वारसा वाटला नाही, त्यांना विचारलं गेलं नाही इतकंच.

मिसिसिपीनं २००१ मध्ये मतदान घेतलं तेव्हा सुमारे ६४ टक्क्यांनी हा झेंडा असलेला राज्यध्वज राखला. मतं बहुतांशी वंशानुसार पडली. २०२० मध्ये विधिमंडळानं तो रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा ध्वज ७० टक्क्यांहून जास्त मतांनी आला. त्याच वर्षी मोटारशर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेनं आपल्या शर्यतींत लढाईच्या झेंड्यावर बंदी घातली.

आता काकांचं. ते वंशद्वेष्टे आहेत का, हे एका स्टिकरवरून मी सांगणार नाही, तुम्हीही ठरवू नका. त्यांच्या खासगी ट्रकवर तो लावायचा त्यांना कायद्यानं हक्क आहे. पण हेतू चांगला असला म्हणून समोरच्याच्या भीतीची जबाबदारी संपत नाही. तुमच्या सहकारी बाईंना स्टिकर पाहून काकांचं मन कळत नाही, आणि चूक झाली तर किंमत त्यांनाच मोजावी लागेल. म्हणून त्या घरी आल्या नाहीत. हे तुम्ही त्यांना समजावू नका, त्यांना ते ठाऊक आहे. त्यांना बाहेर कुठे जेवायला बोलवा, आणि काका मनानं चांगले आहेत असं प्रमाणपत्र देऊ नका. काकांशी बोलायचं असेल तर गप्पांच्या ओघात विचारा, तुमचे कोणते पणजोबा होते, कुठल्या तुकडीत, कुठे पुरलंय. माणसाविषयी बोला. मग सांगा की माझी एक मैत्रीण तुमच्या ट्रकमुळे आमच्याकडे यायला घाबरते. वाद घालू नका, एवढंच वाक्य बोला. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असंच कळल्यावर स्टिकर काढून पणजोबांचा फोटो घरात लावला. दुसऱ्या एकानं आमच्याशी बोलणं बंद केलं. दोन्ही होऊ शकतं.

मुलीचं सोपं आहे, कारण आठवीत इथे साउथ कॅरोलायनाचाच इतिहास असतो. तिला लढाईचा झेंडा आणि राष्ट्रध्वज यांतला फरक सांगा, तो जाहीरनामा एकत्र वाचा, आणि १९६१ ही तारीख सांगा. शाळेत कुणी या झेंड्याचा टीशर्ट घातला तर शाळा मनाई करू शकते. याच राज्यातल्या एका प्रकरणात फेडरल अपील न्यायालयानं २०१३ मध्ये शाळेची बाजू मान्य केली आहे. म्हणून तिनं वर्गात भांडत बसू नये, शिक्षकांना सांगावं.

आणि एक शनिवार काढून तिला कोलंबियाला न्या. स्टेट हाउसच्या आवारात सैनिकांचं स्मारक आहे, झेंड्याचा खांब आता तिथे नाही. त्याच आवारात शिल्पकार एड ड्वाइट यांनी घडवलेलं, २००१ मध्ये खुलं झालेलं आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं स्मारक आहे. जवळच स्ट्रॉम थर्मंड यांचा पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्यावर मुलांची नावं कोरली आहेत. आधी तिथे चार मुलं लिहिली होती. थर्मंड वारल्यावर २००३ च्या डिसेंबरमध्ये उघड झालं की त्यांच्या वडिलांच्या घरी काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीपासून त्यांना १९२५ मध्ये एक कन्या झाली होती, एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स. २००४ मध्ये तिचं नाव कोरलं गेलं आणि चारचे पाच केले गेले. दगडात दुरुस्ती कळते, मुलीला दाखवा. उतरवलेला झेंडा गावातल्याच कॉन्फेडरेट रेलिक रूम या संग्रहालयाकडे सोपवला होता. पुढच्या सुट्टीत चार्ल्सटनला जाल तेव्हा गॅड्सडेन धक्क्यावरचं, २०२३ मध्ये उघडलेलं आंतरराष्ट्रीय आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय आधी पाहा. जिथे गुलामांची जहाजं लागायची तीच ती जागा आहे. तिकिटं आधी काढून ठेवा, आणि सहकारी बाईंना सोबत यायचंय का तेही विचारा.